होय, आमची हरकत आहे

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. विषय आपल्या मैदानाचा आहे आणि हातात दिवस थोडे आहेत.

परवा सकाळी पावणेसहाला मैदानावर गेलो तर मधोमध चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. वाटलं, शालेय स्पर्धा असतील. पोलीस भरतीची तयारी करणारी तीन-चार पोरं तिथेच अंग मोकळं करत होती. विचारलं, "काय रे, कसली आखणी?" एकजण बुटाने चुना उकरत म्हणाला, "दादा, गाळ्यांची. काल दुपारी मोजणीवाले येऊन गेले."

मी पत्रकार, आणि मला ही बातमी भरतीच्या पोराकडून कळली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

मग दिवसभर कागद शोधले. प्रकार असा आहे. आपल्या विकास आराखड्यात ही साडेतीन एकर जागा 'क्रीडांगण' म्हणून आरक्षित आहे. त्यातल्या दोन एकरांचं आरक्षण बदलून तिथे व्यापारी गाळे आणि वाहनतळ करायचा ठराव पालिकेच्या सभेत झालाय. त्याची जाहीर सूचनाही निघाली. कुठल्या पेपरात? आपल्या गावात ज्याच्या मोजून पाच प्रती येतात त्या पेपरात. सातव्या पानावर, नाव बदलल्याच्या जाहिराती आणि हरवलेल्या खरेदीखताच्या नोटिशीच्या मधे. बावीस वर्षं या धंद्यात काढलीत मी. कुठली सूचना कुठे छापली की कुणाच्या नजरेला पडत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

आता काहीजण म्हणतील, दीड एकर राहतंय की. अहो, आत्ता मैदानाच्या कडेकडेने एक फेरी मारली तर साधारण साडेचारशे मीटर होतात. पोरांनी हिशोब बसवलाय, साडेतीन फेऱ्या आणि वर थोडी पावलं म्हणजे सोळाशे मीटर. भरतीत मुलांना तेवढंच पळायचं असतं, मुलींना आठशे. दीड एकरात एखादं व्हॉलीबॉलचं नेट आणि खो-खोचं एक मैदान बसेल, पण पळणारे कुठे जाणार? बायपासला. बायपासच्या कडेला पहाटेच्या अंधारात पळणाऱ्या पोरांना गाडीने उडवल्याच्या बातम्या मी माझ्या हाताने लिहिल्यात. दोनदा.

पण मला आज नुसतं भरतीवर लिहायचं नाहीये. मैदान म्हणजे पोराटोरांच्या खेळायची जागा, ती थोडी कमी झाली तर काय बिघडतं, असं जे सभेत बोललं गेलं म्हणे, त्यावर लिहायचंय. माझं म्हणणं सरळ आहे. ते मैदान हा आपल्या गावातला सगळ्यात मोठा दवाखाना आहे. तो अर्ध्याच्या वर पाडायला निघालेत आणि आपण गप्प आहोत.

हे मी भाषणातलं वाक्य म्हणून टाकत नाहीये. माझ्यावरच गुजरलंय.

२०२१ चा एप्रिल-मे आठवा. त्या दोन महिन्यांत मी रोज संध्याकाळी आकडे टाइप करायचो. तालुक्यात आज इतके, जिल्ह्यात इतके. आकड्यांमागची नावं निम्म्याहून जास्त ओळखीची. कुणाबरोबर शाळेत एका बाकावर बसलेलो, कुणाच्या टपरीवर रोज चहा प्यायलेला. लाट ओसरली आणि माझी झोप गेली. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड, हाताला घाम. वाटलं, हार्टचंच काहीतरी असणार. ईसीजी काढला, तो व्यवस्थित. पण बीपी निघालं १५२/९८ आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ७.९. वय तेव्हा ४१.

डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात चालता किती?"

म्हटलं, "डॉक्टर, आमचा धंदाच फिरतीचा. दिवसभर फिरतच असतो."

"पायी की गाडीवर?"

काय बोलणार! घरापासून ऑफिस सहाशे मीटर, तेही गाडीवर. तहसील, पोलीस ठाणे, पालिका, प्रत्येक ठिकाणी चहा, तोही साखरेचा. रात्री पानं लागेपर्यंत खुर्चीत. बावीस वर्षांत मी गावभर फिरलो खरा, पण पाय फिरले नव्हते.

त्या डॉक्टरांनी बीपी-साखरेच्या गोळ्या दिल्या आणि झोपेचं ऐकून जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, चिंतेचा आजार आहे, सोबत नैराश्यही आहे. त्याच्याही गोळ्या सुरू झाल्या. हे असं जाहीर लिहायला मला चार वर्षं लागली. बायको सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

आणि एक माणूस होता. आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचे ते सर, आता पंच्याहत्तरीला आलेत. अख्खा गाव त्यांना नुसतं 'सर' म्हणतो, म्हणून नाव लिहीत नाही, त्यांना आवडणारही नाही. मेडिकलच्या दुकानात मला पाहिलं, हातातली पिशवी पाहिली. म्हणाले, "गोळ्या घे. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पण उद्या सहाला मैदानावर ये. पळू नकोस, बोलूही नकोस. नुसता माझ्याबरोबर चाल."

पहिल्या दिवशी दुसऱ्या फेरीला मला धाप लागली आणि सत्तरीचे सर पुढे निघून गेले. आठवडाभर पोटऱ्या दुखत होत्या. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री सलग पाच तास झोपलो. सकाळी उठून बायकोला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. सहा महिन्यांनी साखर ६.६ वर आली, बीपी खाली आलं. मनाच्या गोळ्या दीड वर्षाने डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने बंद केल्या. बीपीची एक गोळी अजून चालू आहे, बहुतेक राहीलही. चालून सगळं बरं झालं असा चमत्कार मी सांगत नाहीये. गोळ्या, जेवणातला बदल आणि चालणं, तिघांनी मिळून मला बाहेर काढलं. पण त्यातलं चालणं मला फुकट मिळालं, कारण घरापासून सात मिनिटांवर मैदान होतं.

आता जरा शास्त्राकडे वळू, कारण 'पत्रकाराचं काय ऐकायचं' म्हणणारेही आपल्यात आहेत.

लंडनच्या डबलडेकर बसचं उदाहरण मला फार आवडतं. बस एकच, रस्ता एकच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत वर-खाली करणारा, रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने हजारो कामगारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं की, कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होतो, आणि झाला तर उशिरा होतो. लोक म्हणाले, ड्रायव्हर मुळातच जाडे असतील. मग या पठ्ठ्याने युनिफॉर्मच्या पँटींची मापं मिळवली! ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या खऱ्या, पण नुसत्या जाडीने तो फरक भरून निघत नव्हता. बसून राहणं हे स्वतःच एक कारण होतं. त्याआधी हृदयविकाराचा आणि हालचालीचा असा संबंध कुणी आकड्यांनी दाखवला नव्हता. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षं जगले. (आपल्या एसटीला वरचा मजला नाही, पण सणासुदीच्या गर्दीत या टोकाचं तिकीट त्या टोकाला पोचवणाऱ्या कंडक्टरकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.)

साखरेचं तर आणखी सोपं आहे. आपण जेवतो, साखर रक्तात येते. ती उचलून आत ठेवणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. एरवी त्या कोठाराचं दार उघडायला इन्सुलिन लागतं. पण स्नायू काम करायला लागला की इन्सुलिनची फारशी वाट न बघताही तो साखर ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर वीस मिनिटं पायी फिरलेल्या माणसाची साखर सोफ्यावर आडवं झालेल्यापेक्षा कमी चढते. शतपावली म्हणायची आजी. तिला इन्सुलिन माहीत नव्हतं.

आणि हे आपल्याच माणसांवर तपासलेलं आहे. चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना तीन वर्षं पाहिलं. ज्यांना आहार आणि नियमित चालण्याचा सल्ला देऊन त्यामागे लागले, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिनची गोळी दिलेल्यांमध्येही घट जवळपास तेवढीच होती. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीचा आकडा आला की देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटी. या साडेतेरा कोटींतले आपल्या गावातले किती असतील, तुम्हीच आजूबाजूला बघा. आपल्या स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्याला मी विचारलं, सगळ्यात जास्त काय खपतं? म्हणाला, "बीपी, शुगर आणि ॲसिडिटी. बाकी सगळं त्याच्या मागे."

मनाचं काय? इथे लोक गडबडतात. चालल्याने पोट कमी होतं हे पटतं, पण चालल्याने मन कसं बरं होईल? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात नैराश्याच्या १५६ रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला औषध, एकाला आठवड्यातून तीनदा व्यायाम, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. औषधवाल्यांना आराम लवकर पडला, व्यायामवाल्यांना उशिरा, पण पडला. १९९९ चा अभ्यास आहे. आणखी एक, २०११ चा: १२० वयस्क माणसं, अर्ध्यांना वर्षभर चालायला लावलं, अर्ध्यांना नुसते ताण देण्याचे व्यायाम. चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग साधारण दोन टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटात तो वयाप्रमाणे थोडा आकसला.

माझी कळकळीची विनंती: हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नका. मन फार अंधारात गेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी डॉक्टर आणि घरचं माणूस, मैदान नंतर. 'टेलिमानस'ची सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि 'जरा व्यायाम कर म्हणजे बरं वाटेल' हे नैराश्यातल्या माणसाच्या तोंडावर फेकू नका. मलाही ते बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. ते ऐकून मी उठलो नव्हतो. सरांनी 'माझ्याबरोबर चाल' म्हटलं तेव्हा उठलो. ड्यूकवाल्या अभ्यासातही लोक एकेकटे घरी व्यायाम करत नव्हते, गटाने, कुणाच्या तरी देखरेखीखाली करत होते. माणसाला माणूस लागतो. आणि माणसं जमायला जागा लागते.

आपल्या मैदानावर सकाळी साडेपाच ते साडेसहा बायकांचा घोळका असतो, बघितलाय का? बारा-तेराजणी असतात. अंगणवाडीवाल्या ताई, दोन शिक्षिका, किराणा दुकानवाल्या काकू, माझ्या वहिनी. चालणं कमी आणि बोलणं जास्त, असं मी चेष्टेने म्हणायचो. एकदा वहिनींनी सुनावलं, "भावजी, बारा महिन्यांत हा एकच तास असतो, जेव्हा आम्हाला कुणी काही मागत नाही." त्यानंतर चेष्टा बंद केली. मी त्यांना विचारलं, मैदान गेलं तर रस्त्यावर चालाल का? म्हणाल्या, "नाही हो. कुत्री, गाड्या आणि नजरा." जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२२ चा जो हिशोब मांडला, त्यात भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं. पुरुष ४२ टक्के, बायका ५७ टक्के. २००० साली एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. बायकांचा आकडा मोठा का, याचं अर्धं उत्तर वहिनींच्या त्या तीन शब्दांत आहे.

इथे एक गोष्ट मनात आली ती लिहूनच टाकतो. 'घरचं काम हाच व्यायाम' म्हणणारे नवरे आपल्याकडे घरोघरी आहेत, मीही होतो. आणि दुसरीकडे ऊस तोडणारी, दुसऱ्याच्या रानात खुरपणारी बाई आहे. तिला कुठला डॉक्टर सांगणार, रोज अर्धा तास चाला म्हणून? तिचं शरीर संध्याकाळपर्यंत पिळून निघालेलं असतं. तिला विश्रांती आणि चार घास जास्त लागतात. कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्टात थांबायचं कधी हे दुसरा ठरवतो. व्यायामात आपण ठरवतो. ती बाई मैदानावर येणार नाही, मान्य. पण तिची पोरं येतात. आपल्या मैदानावर अनवाणी पळणारी सगळ्यात चपळ पोरं त्याच वस्तीवरची आहेत.

पोरांवरून आठवलं. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं अंगमेहनतीचा खेळ खेळावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या शाळांमध्ये पी.टी.चा तास असतो, वेळापत्रकात. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर मागून घेतात, आणि परीक्षा तर कायमच जवळ आलेली असते. शाळा सुटली की ट्यूशन, ट्यूशन सुटली की मोबाईल. मोठ्या पोरांच्या मोबाईलमध्ये आता पैशांचे डाव आलेत. कर्ज झालं, घरातून निघून गेला, अशा बातम्या मी गेल्या दोन वर्षांत जितक्या केल्या तितक्या आधीच्या वीस वर्षांत केल्या नव्हत्या. मैदानावर खेळणारा पोरगा असल्या भानगडीत पडतच नाही, असा माझा दावा नाही. पण संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या नेटजवळ जी पंचवीस पोरं असतात, ती त्या दोन तासांत मोबाईलला हात लावत नाहीत, हे मी रोज बघतो. आणि ती रोज हरतात. निम्मी तर हरतातच ना! हरून, चिडून, एकमेकांना शिव्या घालून परत दुसऱ्या दिवशी येतात. पन्नास मार्कांच्या मैदानी चाचणीत दोन मार्कांनी भरती हुकलेला एक पोरगा महिनाभर घराबाहेर पडत नव्हता. त्याला याच पोरांनी ओढून आणलं. "नेटला एक माणूस कमी आहे, चल" एवढंच म्हणाले.

माझी मुलगी आठवीत आहे, खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताने मुलांचा आणि मुलींचा दोन्ही जिंकले, दोन्ही कर्णधार आपले मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या रात्री आमच्या घरात दिवाळी होती. चुन्याच्या रेघांचं तिला कळलं तेव्हा तिने एकच विचारलं, "बाबा, मग आम्ही खांब कुठे रोवायचे?" खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा लागते. ना गवत लागतं, ना महागडं साहित्य. माती आणि दोन खांब. एवढंही गावाला देता येत नसेल तर विजेत्यांच्या अभिनंदनाचे फ्लेक्स तरी लावू नका. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, सगळे आपल्यासारख्याच गावांतून गेले. पण खरं सांगू का, मुलीने पदक आणावं म्हणून मला मैदान नकोय. तिने पदक नाही आणलं तरी तिला चाळिशीत माझ्यासारखी पहाटे तीनला जाग येऊ नये, म्हणून हवंय.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर मी पत्रकार कसला!

पालिका म्हणते, उत्पन्न नाही, गाळ्यांतून भाडं येईल. आठवडी बाजारादिवशी गाड्या लावायला जागा नाही. हे दोन्ही खरं आहे. मंगळवारी स्टँड रोडवरून रुग्णवाहिका जात नाही, हे मीच फोटोसकट छापलं होतं. तिसरं म्हणणं असं की, मैदानावर रात्री दारू पितात, बाटल्या पडतात, कुणीही लग्नाचे मांडव घालतं, तर अशी जागा ठेवून उपयोग काय. तेही खरं. गेल्या महिन्यात एका पोराच्या तळपायात काच गेली, सात टाके पडले.

पण मला सांगा, दवाखान्यात घाण झाली तर दवाखाना झाडतात की विकतात? मैदानावर एकही दिवा नाही. पाण्याचा नळ दोन वर्षं बंद. कुंपणाची जाळी तीन ठिकाणी फाटलेली. ओपन जिमची हिरवी यंत्रं बसवली, त्यावर ज्यांची नावं आहेत ते तिथे एकदाही दिसले नाहीत, आणि सहापैकी चार यंत्रं मोडली. म्हणजे आधी मैदानाकडे बघायचंच नाही आणि मग म्हणायचं, बघा, कसं ओसाड पडलंय. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सरकारी शाळांचं असंच केलं, एसटीचं असंच केलं.

पार्किंगसाठी जुन्या बाजारतळाच्या मागची पडीक जागा आहे, पालिकेचीच आहे. तिच्यावर कुणाची नजर आहे, ते मी आज लिहीत नाही. कागद हातात आले की लिहीन.

आणि सभेतलं सगळ्यात मोठं उत्तर म्हणे हे होतं: तालुका क्रीडा संकुल आहे की! आहे ना. पाच किलोमीटरवर, हायवेच्या पलीकडे. मी मुद्दाम गेल्या आठवड्यात दोन दिवस संध्याकाळी जाऊन बसलो. एका दिवशी नऊ माणसं, एका दिवशी सहा. त्याच वेळी आपल्या या मोडक्या मैदानावर मी दीडशेपर्यंत मोजली आणि मोजायचं सोडलं. नऊ वर्षांची मुलगी हायवे ओलांडून जाणार आहे का? वहिनींचा तो एक तास जाण्यायेण्यातच संपेल. पंच्याहत्तरीचे सर तिथे जातील का? पायी पोचता येतं म्हणून माणूस मैदानावर जातो. गाडी काढावी लागली की दहातले आठ जण गळतात, आणि त्या आठांत मी पहिला असेन.

खासगी जिमवर माझा राग नाही, पोरं घाम गाळतात, चांगलंच आहे. पण महिन्याचे आठशे-हजार रुपये सगळ्यांकडे नसतात. आणि अधूनमधून कुणीतरी म्हणतंच, 'रोज व्यायाम करणाराही परवा गेला की अटॅकने.' जातो, बाबा. व्यायाम म्हणजे अमरपट्टा नव्हे. कधी हललेला नसताना एकदम पळायला लागू नका, चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल तर आधी तपासून घ्या, छातीत दुखलं तर थांबा. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, एवढंच मोठ्यांना सांगितलेलं आहे. दिवसाला वीस-बावीस मिनिटं. मैदानाच्या चार-पाच फेऱ्या.

तर आता करायचं काय?

मोर्चा, उपोषण, घोषणा नंतर बघू. आधी कागद. विकास आराखड्यातलं आरक्षण असं बदलायचं असेल तर नगररचना कायद्याच्या, म्हणजे १९६६ च्या एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे पालिकेला सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात आणि शेवटची मंजुरी राज्य सरकार देतं. नुसत्या ठरावावर काम सुरू करता येत नाही. हरकत द्यायला तुम्ही शेजारचे रहिवासी असायला हवं असंही नाही, कोणीही देऊ शकतो. त्यासाठी सूचनेपासून एक महिना असतो. त्यातले अकरा दिवस गेले, आपल्याला पत्ताच नव्हता. आणि सुनावणी व्हायच्या आत चुन्याच्या रेघा कुणाच्या हुकमाने मारल्या, हेही विचारायचंय. माहिती अधिकाराचा माझा अर्ज काल गेलाय.

कोर्टात काही टिकेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: बेंगळुरूत बागेसाठी राखीव ठेवलेली जागा खासगी नर्सिंग होमला द्यायला निघाले होते. तिथले साधे रहिवासी भांडले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९१ मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. तिथे तर बागेच्या जागी दवाखाना येणार होता, तरी न्यायालयाने ऐकलं नाही. आपल्याकडे गाळे येणार आहेत.

एक अडचण मात्र आहे. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, 'काही हरकत नाही.' कुणी रांगेत घुसलं, हरकत नाही. रस्ता खोदून ठेवला, हरकत नाही. मागच्या वेळी नदीकाठच्या जागेची सूचना निघाली होती तेव्हा अख्ख्या गावातून हरकती आल्या चार. त्यातली एक माझी. आज तिथे काय उभं आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

अर्जाचा मसुदा आपल्या गावातल्या वकील मित्राने करून दिलाय, एक पानाचा आहे, साधा. मी झेरॉक्स काढून ठेवल्यात. उद्यापासून सलग सात दिवस सकाळी साडेपाच ते साडेसात मी आणि सर मैदानाच्या चिंचेखालच्या गेटजवळ बसतो. आधारकार्डाची एक झेरॉक्स आणा. आपल्या शब्दात दोन ओळी लिहा, मैदानावर तुम्ही काय करता, किती वर्षं येता. अर्ज स्वतः आवक-जावकला द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. भरतीच्या पोरांनो, तुम्ही तुमच्या आई-वडिलांच्याही सह्या आणा. मुलीच्या खो-खोच्या टीमने अर्ज आधीच लिहिलाय, वय बसत नाही म्हणून तो पालकांच्या नावाने देऊ.

येताना पेन आणि पाण्याची बाटली घेऊन या. मैदानावरचा नळ बंद आहे.